‘चार दिवस काय करत होतात?’

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘अपघात विभाग’ ही पाटी वाचली की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? महामार्गावरची धडक, रक्ताने माखलेले कपडे, धावत आत येणारे स्ट्रेचर, पोलिसांची चौकशी. परंतु आपल्या नाशिक शहरातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री नऊनंतर जावे आणि त्या पाटीखालच्या बाकांवर कोण बसले आहे ते पाहावे. तेथे पदराखाली मूल घेतलेल्या आया दिसतील. कोणाच्या मुलाला ताप, कोणाला जुलाब, कोणाचा कान ठणकतो आहे. यांतील पुष्कळ आजार दिवसा साध्या दवाखान्यात दाखवता येण्यासारखे असतात. मग ही माणसे येथे आणि या वेळी का येतात?

हा प्रश्न मला समाजशास्त्राच्या तासाला पडला असे लिहिता आले असते तर लेखाला अधिक शोभा आली असती. खरे सांगायचे तर तो मला त्या बाकावरच पडला.

मी तेव्हा बारावीत होते. पावसाळ्याचे दिवस होते. माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या छकुलीला, खोकल्याची उबळ येऊन श्वास लागला म्हणून आई, मी आणि ती रात्री साडेदहाला रिक्षाने एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात गेलो. तासाभराने आमचा नंबर आला. तेथले तरुण डॉक्टर फार दमलेले दिसत होते. त्यांनी छाती तपासली, वाफ द्यायला सांगितली आणि केसपेपरवर लिहिता लिहिता आईला विचारले, “खोकला किती दिवसांपासून?”

“चार दिस झाले, साहेब.”

“मग चार दिवस काय करत होतात? ताई, ही अपघाताची जागा आहे. सकाळी ओपीडीत आणायचं ना.”

आई जमिनीकडे पाहत राहिली. मला लाज वाटली. आणि आज कबूल करते, ती डॉक्टरांच्या बोलण्याची नव्हे, आईची वाटली. घरी परतताना मी तिला म्हटले, “बरोबरच बोलले ते. सकाळी न्यायला काय झालं होतं?” आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सकाळ आपली असती तर सकाळीच नेलं असतं, बाई.”

प्रस्तुत लेख म्हणजे डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. आईला ते तेव्हा देता आले नाही. मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. तेव्हा ते मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे, असे मी समजते.

चार दिवसांचा हिशेब

प्रथम त्या चार दिवसांचा हिशेब देते.

पहिला दिवस. आमचे मूळ गाव नांदगाव तालुक्यात. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे काम करतात आणि आई सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडते. त्या दिवशी संध्याकाळी आई घरी आली तेव्हा छकुलीचे अंग कोमट लागले. ओव्याचा शेक दिला, हळद घालून दूध दिले. खोकल्याचे औषध मेडिकलच्या दुकानातून आणले. पहिल्या दिवशी कोणत्याही घरी, श्रीमंताच्याही, याहून अधिक काही होत नसावे.

दुसरा दिवस. ताप वाढला. संध्याकाळी सातला वडील तिला वस्तीतल्या खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, दोन दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या. फी रोख दिली. म्हणजे आम्ही ‘काहीच केले नाही’ हे खरे नव्हते. देशभर चित्र असेच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) असे आढळले की, रुग्णालयात दाखल न होता उपचार घेतलेल्या आजारांपैकी सुमारे ३० टक्केच आजारांसाठी लोक सरकारी संस्थांत गेले. बहुतेक लोक आधी खाजगी दवाखान्याची पायरी चढतात, पैसे संपले किंवा गुण आला नाही की मोठ्या रुग्णालयाची.

तिसरा दिवस. सकाळी ताप उतरला होता. पोर खेळू लागली. या ठिकाणी एक साधी शास्त्रीय गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. निरोगी माणसाच्याही शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असते. त्यामुळे आजारी मुलाचा ताप पुष्कळदा सकाळी उतरल्यासारखा वाटतो व दिवेलागणीला पुन्हा चढतो. दम्याची धापही रात्री आणि पहाटे अधिक त्रास देते. म्हणजे ओपीडी उघडी असते तेव्हा मूल बरे दिसते आणि ती बंद झाल्यावर आजारी पडते! शिवाय गोळ्या दोन दिवसांच्या होत्या. त्या संपण्याआधीच दुसरा डॉक्टर शोधावा असे कोणाच्या मनात येणार?

चौथा दिवस. दुपारी शेजारच्या मावशींनी निरोप दिला की पोर धापते आहे. तो आईला संध्याकाळी कळला. वडिलांची दुसरी पाळी होती. ते रात्री साडेअकराला सुटणार. आठ वाजता घरगुती उपाय, नऊ वाजता वाट पाहणे, दहा वाजता बरगड्या आत ओढल्या जाताना दिसल्या आणि आईने पायांत चपला सरकवल्या.

असे ते चार दिवस गेले. यात आळस कोठे आहे, निष्काळजीपणा कोठे आहे, हे वाचकांनीच सांगावे.

खाडा

आता कोणी म्हणेल, एक सकाळ कामावर गेले नाही तर काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे : खाडा. पगारी नोकराची रजा आणि रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. रजेत माणूस घरी असतो आणि पगार चालू असतो. खाड्यात माणूस घरी असतो आणि चूल बंद पडण्याची भीती असते. वडिलांचा एक खाडा म्हणजे तेव्हा सुमारे ५०० रुपये. त्यात दोन खाडे लागोपाठ पडले की कंत्राटदार दुसरा माणूस उभा करी. आईचे तर असे की, एका घरी न सांगता खाडा झाला तर ते काम सुटण्याचीच भीती.

सरकारी ओपीडीची एक खेप म्हणजे एक सकाळ, असा हिशेब कागदावर ठीक दिसतो. परंतु केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त तपासायला सांगितले तर तिसरी रांग, औषधाच्या खिडकीची चौथी रांग, आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. म्हणजे दोन खाडे. अपघात विभागात मात्र रात्रीच्या एका खेपेत डॉक्टर, वाफ, इंजेक्शन आणि औषध एकाच छपराखाली मिळते, आणि सकाळी सातला आई कामावर हजर असते. झोप बुडते, रोज बुडत नाही. आमच्यासारख्या घरांना झोप बुडवणे परवडते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनामूल्य करण्यात आले. हा निर्णय फार मोलाचा आहे. तथापि त्याने केसपेपरचे पैसे वाचले, खाड्याचे वाचले नाहीत. गरिबाच्या उपचाराचा खरा खर्च पुष्कळदा रुग्णालयाच्या खिडकीवर नसतो, कारखान्याच्या हजेरीपुस्तकात असतो.

कामगारांसाठी विमा योजना आहेच की, असेही कोणी विचारील. १९४८ च्या कायद्याने राज्य कामगार विमा योजना आली आणि आपल्या सातपूरला तिचे रुग्णालयही आहे. १ जानेवारी २०१७ पासून पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये करण्यात आली, तेव्हा कारखान्यातले पुष्कळ कामगार तिच्यात येतात. कंत्राटी कामगारालाही तिचा हक्क आहे. परंतु कंत्राटदार बदलला की कागद मागे राहतात आणि वडिलांचे कंत्राटदार तीन वर्षांत तीनदा बदलले. आईसारख्या घरकाम करणाऱ्या बायका तर त्या चौकटीत बसतच नाहीत. आणखी एक बारकावा असा, की या योजनेतला आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी पडला तर मिळतो. त्याचे मूल आजारी पडले तर मुलाला उपचार मिळतात, पण बापाचा बुडालेला रोज कोणी भरून देत नाही.

नाही न म्हणणारे दार

अपघात विभागाकडे लोक वळतात याचे दुसरे कारण असे, की या दाराला ‘नाही’ म्हणता येत नाही. हे केवळ डॉक्टरांच्या दयाबुद्धीवर अवलंबून नाही, त्यामागे कायदा उभा आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जखमी माणसाचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार नंतर. पुढे १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात आणखी एक पाऊल पडले. एक शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडून जबर जखमी झाला. त्याला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’, ‘सोय नाही’ म्हणून परत पाठवले आणि अखेर त्याला खाजगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देववली आणि सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचे उपचार न देणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग होय.

अमेरिकेतही असेच घडले. तेथे १९८६ च्या कायद्याने तातडीच्या विभागावर बंधन घातले की, दारी आलेल्या रुग्णाजवळ पैसे असोत वा नसोत, त्याला तपासलेच पाहिजे व त्याची प्रकृती स्थिर केली पाहिजे. परिणाम असा झाला की ज्यांना इतरत्र दार उघडे मिळत नाही ते याच दाराशी येतात.

आमच्या आईला यांपैकी कोणताही खटला ठाऊक नाही. पण तिला एवढे पक्के ठाऊक आहे की, येथे रात्री दोन वाजताही दिवा चालू असतो आणि ‘उद्या या’ असे सांगून कोणी परत पाठवत नाही. गरीब माणूस कायदा वाचत नाही, पण कोणते दार उघडते आणि कोणते नाही याचे त्याचे ज्ञान चोख असते.

शहरात हरवलेली पायरी

तिसरे कारण मला अभ्यास करताना सापडले आणि त्याचे मला सर्वांत अधिक नवल वाटले.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे सूत्र होते. त्यातून पुढे खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची पायऱ्यापायऱ्यांची रचना उभी राहिली. साधारण ५,००० लोकवस्तीला उपकेंद्र आणि ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी व डोंगरी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने त्यात गावोगावी आशाताईंची भर घातली.

आणि शहरात? शहरात मोठी रुग्णालये होती, खाजगी डॉक्टर होते, म्हणून शहर सुखी आहे असे गृहीत धरले गेले असावे. शहरी गरिबांसाठी अशीच पायऱ्यांची रचना करणारे राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान यायला २०१३ साल उजाडावे लागले. त्यात साधारण ५०,००० वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र असावे असे ठरले. १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड, सातपूर अशा निरनिराळ्या वस्त्या तिच्यात एकत्र आल्या. कारखान्यांच्या ओढीने माणसे येत राहिली. त्यांच्या तोंडी दवाखान्यांची नावे कोणती? त्र्यंबक रोडवरचे ‘सिव्हिल’, नाशिकरोडचे ‘बिटको’, ‘झाकीर हुसेन’. सगळी मोठी रुग्णालये. गावाकडून आलेल्या माणसाला मधली पायरी कोणी दाखवलीच नाही. गल्लीतला खाजगी दवाखाना आणि थेट मोठे रुग्णालय, एवढ्या दोनच पायऱ्या त्याला माहीत. तेव्हा त्याने वरच्या पायरीवर उडी मारली याचा दोष त्याच्या पायांना देता येत नाही.

‘अडाणी आहेत’ हे उत्तर

या प्रश्नावर आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांत एक सोपे उत्तर तयार असते : ‘लोक अडाणी आहेत.’ मीही त्या रात्री मनात हेच म्हटले होते. हे उत्तर तपासून पाहू.

अमेरिकेत २०१२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत, वर्षभरात तातडीच्या विभागात गेलेल्या मुलांच्या आईबापांना विचारण्यात आले. असे दिसले की सुमारे तीन चतुर्थांश मुलांची शेवटची खेप रात्रीची किंवा शनिवार-रविवारची होती. विशेष म्हणजे मुलाचा विमा खाजगी असो, सरकारी असो, की मुळीच नसो, हे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. तेथले पालक शिकलेले, घरी मोटार, फोन, सारे काही. तरीही दवाखाना बंद झाल्यावर मूल आजारी पडले की तेही त्याच दारात. म्हणजे मूळ प्रश्न अडाणीपणाचा नसून घड्याळाचा आहे.

दुसरे असे, की आजार साधा होता हे ठरते केव्हा? डॉक्टरांनी तपासल्यानंतर. आईजवळ असतो तो फक्त तापलेला देह आणि अंधार. सर्दीखोकला आणि न्यूमोनिया दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. तिने ‘साधेच असेल’ म्हणून थांबावे आणि ते साधे नसावे, तर त्याची किंमत तिलाच मोजायची असते.

म्हणून नुसते ‘उगाच येऊ नका’ असे सांगून भागत नाही. केव्हा यावेच, हे सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी पाच वर्षांखालील मुलांसाठी धोक्याच्या काही खुणा ठरवून दिल्या आहेत. मूल पाणी किंवा अंगावरचे दूध पिऊच शकत नाही, पोटात गेलेले सगळे उलटून पडते, झटके येतात, मूल ग्लानीत जाते, हाक मारून जागे होत नाही. यांपैकी एक जरी खूण दिसली तरी क्षणाचाही विलंब करू नये. खोकला असेल तर मूल शांत असताना एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले तर तो वेगवान श्वास समजावा व मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय गाठावे. हे मोजायला घड्याळ पुरते, पदवी लागत नाही. माझ्या आईने बरगड्या पाहून चपला घातल्या तेव्हा कोणी न शिकवताच तिने ही खूण ओळखली होती, हे मला फार नंतर कळले.

या दाराची किंमत

येथवर मी आयांची बाजू मांडली. परंतु अभ्यासलेख म्हणजे वकीलपत्र नव्हे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

त्या रात्री आम्ही बाकावर बसलो असतानाच दुचाकीवरून पडलेला एक मुलगा आणला गेला. सगळे डॉक्टर तिकडे धावले आणि आम्ही ताटकळलो. ते योग्यच होते. जो अधिक अत्यवस्थ तो आधी, हाच या विभागाचा नियम असतो. पण बाकावरची गर्दी जितकी वाढते तितके तेथल्या मोजक्या डॉक्टरांचे हात विभागले जातात. सकाळपासून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून एखादा शब्द कडू निघाला तर त्यामागची दमणूक आज मला समजते.

मात्र सर्वांत मोठी किंमत मूलच मोजते. अपघात विभागाचे काम आजची रात्र निभावून नेण्याचे. तेथे आज एक डॉक्टर, पुढच्या वेळी दुसरा. मुलाला दोनदा पाहणारा कोणी नाही. त्यामुळे प्रत्येक आजार पहिलाच ठरतो.

आमच्या छकुलीचे नेमके तसे झाले. दीड वर्ष ती मधून मधून धापत राहिली. प्रत्येक वेळी वाफ, औषध आणि घरी. शाळा बुडे, खेळताना ती मध्येच खाली बसे. ‘नाजूक आहे पोर’ असे आम्ही म्हणत असू. गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला आले तेव्हा घरात एक नवी गोष्ट घडली. ज्याचा खाडा पडत नाही असे एक माणूस घरात तयार झाले, ते म्हणजे मी. एका सकाळी दोन तास बुडवून मी आणि आई तिला मुलांच्या ओपीडीत घेऊन गेलो. आईचा एका घरचा खाडा झालाच.

तेथल्या डॉक्टर बाईंनी विचारले, “जुने कागद आहेत का?” आईने प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिला वाचता येत नाही, पण तिने एकही कागद टाकला नव्हता. बाईंनी ते टेबलावर तारखेप्रमाणे लावले. सात निघाले, तीन ठिकाणचे. प्रत्येकावर खोकला, वाफ, सिरप. बाई म्हणाल्या, “मावशी, हिला सात वेळा सर्दी झालेली नाही. एकच आजार सात वेळा दिसलाय.”

तो बालदमा होता. रोज घ्यायचा फवारा, ज्याला आपल्याकडे ‘पंप’ म्हणतात, तो सुरू झाला. गल्लीत पुष्कळांनी घाबरवले की पंपाची सवय लागते. बाईंनी समजावले की, सवय लागत नाही; औषध अगदी थोडे आणि थेट फुप्फुसात जाते, आणि धाप लागल्यावर धावण्यापेक्षा ती लागूच नये म्हणून ते रोज घ्यायचे असते. त्यानंतरच्या वर्षभरात आम्हांला रात्रीच्या बाकावर एकदाच जावे लागले. छकुली आता लंगडी खेळते.

सात रात्री, सात डॉक्टर आणि सात वेळा योग्य उपचार झाले. तरी आजार सापडला नाही. यात कोणा एकाची चूक नव्हती. ते सात कागद एका टेबलावर यायला एक सकाळ लागली, आणि ती सकाळ आमच्याजवळ दीड वर्ष नव्हती.

काय करता येईल?

उपाय सुचवण्याइतका माझा अधिकार नाही, पण बाकावर बसून जे सुचले ते लिहिते.

पहिले, साधे दार संध्याकाळी उघडे असावे. या दिशेने सुरुवात झाली आहे. महाराष्ट्रात १ मे २०२३ रोजी ठिकठिकाणी ‘आपला दवाखाना’ सुरू झाले व त्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १० अशी ठरवण्यात आली. कामावरून परतणाऱ्या माणसाच्या घड्याळाशी जुळणारी ही वेळ आहे. परंतु दवाखाना उघडणे आणि तो वस्तीला माहीत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारले तेव्हा कित्येकींनी या योजनेचे नावही ऐकलेले नव्हते.

दुसरे, मोठ्या रुग्णालयांत रात्री अपघात विभागाशेजारी साध्या आजारांच्या मुलांसाठी एक वेगळी खोली व एक डॉक्टर असावा. म्हणजे अपघातग्रस्ताचीही ओढाताण होणार नाही आणि मुलाचीही नाही.

तिसरे, मुलाच्या आजाराची एक वही असावी. लसीकरणाचे कार्ड आमच्या वस्तीतली प्रत्येक आई डब्यात जपून ठेवते. आजाराची नोंदही तशाच एका वहीत झाली आणि प्रत्येक डॉक्टरने ती आधी उघडून पाहिली, तर सातव्या कागदापर्यंत थांबावे लागणार नाही.

चौथे, आजारी मुलासाठी कामगाराला पगार न कापता अर्धा दिवस मिळावा. हे कारखानदारांच्या आणि कायदा करणाऱ्यांच्या हातचे आहे.

आणि पाचवे आपल्या हातचे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो; ते चांगलेच आहे. त्याबरोबर आपण वस्तीत जाऊन धोक्याच्या खुणा सांगू शकतो, जवळच्या नागरी आरोग्य केंद्राची व ‘आपला दवाखान्या’ची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून लावू शकतो. आपल्या वर्गात माझ्यासारखे अनेकजण आहेत, ज्यांच्या घरी केसपेपर वाचता येणारे ते एकटेच आहेत. त्यांनी आज घरी गेल्यावर कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी काढावी आणि कागद तारखेप्रमाणे लावून पाहावेत.

त्या रात्रीच्या डॉक्टरांना मी पुन्हा कधी भेटले नाही. भेटले तर रागाने काही बोलणार नाही. फक्त एवढेच सांगेन : “साहेब, ते चार दिवस आम्ही कामावर होतो.”

लेख लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला आणि विचारले, “त्या डॉक्टरला राग तर येणार नाही ना?” मग उठून भाकरी टाकायला गेली, सकाळी सातला तिला निघायचे होते.